सैल, पण ढिसाळ नाही: 'लेड झेपेलिन थ्री' ऐकताना

मागचे दोन लेख मिलिसेकंदांत गेले. काही जणांनी लिहून कळवलं की बाई, एवढे आकडे झाले, आता जरा गाणं पण होऊ द्या. तर आज आपण एक अल्बम ऐकू. आकडे येतीलच, पण आज ते पाहुणे म्हणून येतील.

अल्बम आहे ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनचा तिसरा, 'लेड झेपेलिन थ्री'. ऑक्टोबर १९७० मध्ये आला. दहा गाणी, सगळी मिळून पाऊण तासाच्या आत संपतात. लेख वाचता वाचता एकेक गाणं लावत गेलात तर उत्तम. हेडफोन मात्र हवा, कारण आपण ज्या गोष्टी शोधणार आहोत त्या मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून निसटतात.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: चार माणसं एकत्र वाजवतात तेव्हा ती एकमेकांच्या वेळेशी कशी जुळतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यासाठी मी गोंदिया जिल्ह्यात, मुख्यतः अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी तालुक्यांत, भजनी मंडळं आणि दंडारी रेकॉर्ड करते. मग हा इंग्रजी रॉक कुठून आला? तर या अल्बममुळे मला माझ्या विषयातला एक शब्द नीट कळला. तो शब्द म्हणजे 'सैल'.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढे भांडायला सोपं जाईल. हा लेड झेपेलिनचा सगळ्यात सैल अल्बम आहे, आणि त्या सैलपणामुळेच तो सगळ्यात रोमँटिक झाला आहे. पण सैल आणि ढिसाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातला फरक निव्वळ घड्याळ लावून मोजता येत नाही. तो ऐकावा लागतो.

घट्ट वाजवणारी माणसं

आधी हे चौघं कोण ते पाहू. जिमी पेज गिटारवर, रॉबर्ट प्लांट गायक, जॉन पॉल जोन्स बास आणि कीबोर्डवर, जॉन बॉनम ड्रम्सवर. पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. दोन्ही जोरदार, वजनदार. दुसऱ्या अल्बममधली गिटार ऐकली की छातीवर कुणी तरी बोटांनी ठोकतंय असं वाटतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येईल. पेज आणि जोन्स हे दोघेही बँडच्या आधी लंडनच्या स्टुडिओंतले भाड्याचे वादक होते. दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवायचं, वेळेत वाजवायचं, चूक न करता वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओत जायचं. अशा माणसाला स्वच्छ रेकॉर्डिंग कसं असतं हे कुणी शिकवायला लागत नाही, त्याची रोजीरोटीच त्यावर असते. शिवाय अल्बमचा निर्माता स्वतः पेज होता. म्हणजे काय ठेवायचं आणि काय पुसायचं, याचा शेवटचा शब्द त्याचा.

अशा माणसाच्या अल्बममध्ये पेडल करकरताना ऐकू आलं, चुकलेली सुरुवात ऐकू आली, कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं, तर ते नजरचुकीने राहिलं असं म्हणायला मी तरी तयार नाही.

सैलपणाचे तीन थर

आता 'सैल' म्हणजे नेमकं काय? ऐकून ऐकून मी त्याचे तीन थर केले आहेत. हे वर्गीकरण माझं आहे, पटलं नाही तर सांगा.

पहिला थर ठोक्याचा. गाणं लावा 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'. सात मिनिटांहून मोठं, या अल्बममधलं सगळ्यात लांब. संथ ब्लूज आहे. आपल्याकडची विलंबित लय आठवा: सम कुठे येणार ते सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे कुणी किती रेंगाळत यायचं याला मोकळीक असते. इथे तसंच आहे. जोन्स हाताने ऑर्गन वाजवतो आणि बासचे सूर पायाच्या पट्ट्यांवर काढतो. प्लांट शब्द ठोक्याच्या थोडा मागे सोडतो, पेजची गिटार मध्येच पुढे धावते आणि मग येऊन बसते. बॉनम खांबासारखा उभा आहे, पण तो खांबही लाकडाचा आहे, लोखंडाचा नाही. थोडा लवतो.

हे मागेपुढे होणं किती असतं? अँडर्स फ्रिबर्ग आणि योहान सुंडबर्ग या दोन संशोधकांनी १९९५ मध्ये तपासलं की एकसारख्या ठोक्यांमधला एक ठोका जरासा सरकवला तर ऐकणाऱ्याला ते कधी कळतं. मध्यम गतीला उत्तर आलं दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या सुमारे अडीच टक्के. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंद, म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद सरकलं की तयार कानाला कळायला लागतं.

या १२ मिलिसेकंदांची गंमत बघा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. दंडारीत ढोलकीवाला आणि टाळवाला चार मीटरवर उभे असतील तर एकाचा ठोका दुसऱ्याला १२ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोघंही अगदी अचूक असले, तरी 'एकाच वेळी' ही गोष्ट दोघांसाठी वेगळी आहे! मग एकत्र वाजवायचं तर दोघांनाही थोडं समजून घ्यावं लागतं. सैलपणा तिथूनच सुरू होतो, माणसाच्या चुकीतून नव्हे तर हवेतून.

दुसरा थर लयीचा. 'गॅलोज पोल' लावा. हे जुनं लोकगीत आहे, युरोपात आणि अमेरिकेत त्याची कितीतरी रूपं आहेत. फाशी जाणारा माणूस जल्लादाला म्हणतो, थोडा थांब, माझी माणसं येताहेत, ती मला सोडवतील. गाणं एकट्या गिटारवर सुरू होतं, मग मँडोलिन येतं, मग बास, मग ड्रम्स आणि बँजो. पेजने या गाण्यासाठी पहिल्यांदा बँजो हातात धरला. पहिल्या मिनिटात टेबलावर बोटाने ठेका धरा आणि तो ठेका तसाच शेवटपर्यंत न्यायचा प्रयत्न करा. जमणार नाही. गाणं तुमच्या पुढे निघून जाईल.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. भजनात लय चढत जाते हे आपण लहानपणापासून बघतो. अभंग संथ सुरू होतो आणि शेवटी टाळ असे काही वाजतात की मागे बसलेली म्हातारी माणसंही डोलायला लागतात. कुणी ठरवलेलं नसतं की इथून वेग वाढवायचा. एकाने किंचित रेटलं, दुसऱ्याने ते मान्य केलं, तिसऱ्याने आणखी थोडं रेटलं. 'गॅलोज पोल'मध्ये हे चढणं कथेशी बांधलेलं आहे, कारण फाशीची वेळ जवळ येते आहे. घड्याळाच्या गतीने वाजवलं असतं तर त्या माणसाच्या जिवाची घाई आपल्याला कळलीच नसती.

तिसरा थर सगळ्यात महत्त्वाचा. तो आहे संपादनाचा, म्हणजे वाजवून झाल्यावर काय ठेवलं याचा. पुरावे एकेक करून मांडते.

'फ्रेंड्स'च्या सुरुवातीला स्टुडिओतलं बोलणं ऐकू येतं. शब्द लागत नाहीत, पण खोलीत माणसं आहेत हे कळतं. त्या गाण्याच्या शेवटी सिंथेसायझरचा एक लांब घरघरता सूर येतो आणि तो तसाच पुढच्या 'सेलिब्रेशन डे'मध्ये शिरतो. याचं कारण म्हणजे 'सेलिब्रेशन डे'ची सुरुवातीची ड्रम्स चुकून पुसली गेली होती. भोक पडलं होतं, त्यावर शेजारच्या गाण्याचं ठिगळ लावलं. आता ऐकाल तर वाटेल की हे असंच ठरवलेलं असणार.

'टँजरिन'मध्ये गिटार सुरू होते, थोडं वाजवते, थांबते. क्षणभर शांतता. मग मोजणी आणि मग खरं गाणं. ती पहिली सुरुवात म्हणजे पेजने स्वतःसाठी लय शोधणं. पुसायला एक कात्री पुरली असती.

आणि 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' परत लावा. या वेळी गिटारकडे लक्ष देऊ नका, बॉनमच्या पायाकडे द्या. शांत जागी बारीक करकर ऐकू येईल, बिजागरीला तेल न घातलेल्या दारासारखी. ते त्याच्या मोठ्या ड्रमचं पेडल आहे. एकदा ऐकलं की नंतर न ऐकणं शक्य नाही. काही जणांना त्याचा त्रास होतो. मला ते नसलं तर चुकल्यासारखं होईल. प्रेमात पोळलेला माणूस सात मिनिटं आक्रोश करतोय, आणि त्याच्या मागे एक माणूस पायाने पेडल दाबतोय, दाबतोय. दुःख गाण्यात आहे, आणि गाणं एका खोलीत आहे.

संशोधन काय म्हणतं, आणि कुठे थांबतं

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, म्हणजे थोडं मागेपुढे वाजवलं की गाणं चांगलं होतं, असंच ना? थांबा. हे इतकं सोपं असतं तर माझी पीएचडी केव्हाच संपली असती.

चार्ल्स कील नावाच्या संगीत-मानववंशशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये असं मांडलं की संगीतात आपल्याला ओढून घेणारी शक्ती वादकांमधल्या बारीक विसंगतींतून येते. सगळे तंतोतंत एकत्र असतील तर आपल्याला आत शिरायला फट राहत नाही. कल्पना फार सुंदर आहे, आणि बरीच वर्षं ती खरीच मानली गेली.

पण २०१३ मध्ये मॅथ्यू डेव्हिस, गाय मॅडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रयोगात घालून पाहिली. छोट्या तालांमध्ये त्यांनी संगणकाने विचलन घातलं, थोडं, मग जास्त, मग आणखी जास्त, आणि लोकांना विचारलं की यावर डोलावंसं किती वाटतं. विचलन वाढत गेलं तसं लोकांना ते कमी भावत गेलं. म्हणजे नुसता सैलपणा घातला की ठेका रंगतो, हे काही टिकलं नाही.

मग खरं काय? मला यातला दुवा होल्गर हेनिग यांच्या कामात सापडला. २०११ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की माणसाच्या ठोक्यांमधली चुकामूक फाशांसारखी बेभरवशाची नसते. तिला आठवण असते. आत्ताचा ठोका थोडा उशिरा पडला, तर त्याचा धागा बऱ्याच पुढच्या ठोक्यांपर्यंत लागलेला असतो. संगणकाने यादृच्छिक विचलन घातलेलं संगीत आणि असं आठवण असलेलं विचलन घातलेलं संगीत, असे दोन पर्याय दिले तेव्हा लोकांनी दुसरं जास्त पसंत केलं. पुढे २०१४ मध्ये हेनिग यांनी दोन माणसांना एकत्र वाजवायला लावलं, आणि दिसलं की एकाची चुकामूक दुसऱ्याच्या चुकामुकीशीही दूरपर्यंत बांधलेली असते.

साध्या मराठीत सांगायचं तर असं: ढिसाळपणाला मागचं काही आठवत नाही. सैलपणाला आठवतं.

आमच्याकडे रोवणीच्या वेळी बांधीत बाया ओळीने वाकून मागे मागे सरकत जातात. नीट बघितलंत तर कुणाचेही दोन हात एकाच वेळी चिखलात जात नाहीत. एकीचा हात खाली, दुसरीचा वर, तिसरी पऱ्ह्यांची जुडी सोडतेय. पण ओळ तुटत नाही. कारण प्रत्येकीचा अर्धा डोळा शेजारणीवर असतो. एखादी मागे पडली की शेजारची तिच्या वाट्याची दोन रोपं लावून टाकते. सगळ्यांचे हात एकदम खाली गेले असते तर ती कवायत झाली असती. कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं तर धान वाकडंतिकडं उगवलं असतं. रोवणी या दोन्हींच्या मध्ये आहे, आणि हा अल्बमही.

जिथे गाठ सुटते

कौतुक करायला बसले म्हणून सगळंच गोड म्हणणार नाही. शेवटचं गाणं, 'हॅट्स ऑफ टू रॉय हार्पर', माझ्या मते या अल्बमची पडकी बाजू आहे. जुन्या ब्लूजवर बेतलेलं हे गाणं: पेजची घसरती गिटार आणि प्लांटचा यंत्रातून थरथरवलेला आवाज, बस एवढंच. जोन्स नाही, बॉनम नाही. कागदावर हे अल्बममधलं सगळ्यात मोकळं गाणं ठरावं. पण ऐकताना त्यात मोकळं वाटत नाही, सुटं वाटतं. गिटार तिच्या वाटेने, आवाज त्याच्या वाटेने. कुणी रेंगाळलं तर थांबणारं कुणी नाही, कुणी धावलं तर हात धरणारं कुणी नाही. 'टँजरिन'मधली चुकलेली सुरुवात मला जवळची वाटते, कारण तिच्यानंतर तिला उत्तर देणारं गाणं येतं. इथे उत्तर नाही. मित्रांनी मित्रासाठी केलेली गंमत आहे, आणि ती त्यांच्यातच राहते.

'आउट ऑन द टाइल्स'बद्दलही माझा उत्साह बेताचा आहे. जोमदार आहे, बॉनम त्यात मजा करतो, पण ते दुसऱ्या अल्बममधून चुकून इकडे आलेलं वाटतं. उलट अगदी पहिलं 'इमिग्रंट साँग' तितकंच कडक असूनही इथे शोभतं. दार धाडकन उघडावं आणि आत बघतो तर चुलीपाशी माणसं निवांत गात बसलेली, तसं काहीसं होतं.

रोमँटिक म्हणजे काय म्हणायचंय?

या अल्बमला रोमँटिक म्हटलं की लोक प्रेमगीतं शोधायला लागतात. ती आहेत. 'टँजरिन' हरवलेल्या प्रेमाबद्दल आहे, पेजने त्याच्या आधीच्या बँडच्या काळातच त्याचा पाया घातला होता. पण मला दुसराही अर्थ अभिप्रेत आहे, आणि तिथे मराठी आपल्या मदतीला येते. वाङ्मयाच्या पुस्तकात रोमँटिसिझमला आपण 'स्वच्छंदतावाद' म्हणतो. केशवसुत, बालकवी शिकताना हा शब्द पाठ केलेला असतो आणि परीक्षेनंतर विसरलेला असतो. आता त्या शब्दाकडे परत बघा. स्व-च्छंद. आपल्या छंदाने चालणारा. सैलपणा आणि रोमँटिकपणा हे दोन्ही एकाच शब्दात बसलेले आहेत.

आणि बँडने केलंही तसंच. १९७० साली अमेरिकेचा दमवणारा दौरा आटोपून पेज आणि प्लांट वेल्समधल्या डोंगरात एका जुन्या दगडी घरात जाऊन राहिले. घराचं नाव ब्रॉन-अर-आयर. प्लांट लहानपणी तिथे सुट्टीला गेलेला. वीज नाही, नळ नाही. मोठे अ‍ॅम्प्लिफायर लावायची सोयच नव्हती, म्हणून साधी गिटार आणि आवाज. एकदा फिरायला गेले असताना वाटेत बसून त्यांनी एक गाणं रचलं आणि सोबतच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर घेतलं. ते पुढे 'दॅट्स द वे' झालं.

'दॅट्स द वे' हे माझ्या मते या अल्बमचं काळीज. दोन मुलगे, एकाच्या आईने बजावलंय की त्या दुसऱ्याशी खेळायचं नाही, तो आपल्यातला नाही. मुलगा मित्राला हे सांगतोय, आणि त्याला स्वतःलाही ते नीट कळलेलं नाही. यात ड्रम्स जवळपास नाहीतच. जोन्सचं मँडोलिन आहे, पेजची घसरत जाणारी स्टील गिटार आहे. एवढा दणकट ड्रमर असून बँडने त्याला गप्प बसवलं! शेवटाकडे हलका खंजिरीसारखा ताल येतो तेव्हा वाटतं की इतका वेळ कुणीतरी दाराआड उभं राहून ऐकत होतं आणि आता आत आलं. ज्या गावांत कुणी कुणाशी खेळायचं हे अजून मोठी माणसं ठरवतात, तिथल्या वाचकाला या गाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

'ब्रॉन-य-ऑर स्टॉम्प' प्लांटच्या कुत्र्यावर आहे, आणि त्यात बॉनम चमचे वाजवतो. हो, जेवणाचे चमचे. तिथेही तो तितक्याच गांभीर्याने वाजवतो.

रेकॉर्डचं मूळ वेष्टनही याच मनःस्थितीतलं आहे. कव्हरच्या आत एक गोल चकती, ती फिरवली की वरच्या भोकांतून वेगवेगळी चित्रं दिसतात. कल्पना पेजला कुठून सुचली, तर पिकांच्या फेरपालटीच्या आणि बागकामाच्या हंगामी तक्त्यांवरून. तयार झालेलं चित्र पुढे त्याला फारसं रुचलं नाही, ती गोष्ट वेगळी. पण धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मला रॉक बँडच्या रेकॉर्डवर शेतीचा तक्ता आला याचं फार कौतुक आहे.

त्या वेळी बऱ्याच समीक्षकांना हे पचलं नाही. अल्बम ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पण लोकांना दुसऱ्या अल्बमचाच दुसरा भाग हवा होता. त्या वेळच्या दुसऱ्या एका लोकप्रिय गटाची नक्कल केली असंही म्हटलं गेलं. खरं तर साधी गिटार पहिल्या अल्बमपासून होती. या टीकेचा राग बँडला इतका आला की १९७१ चा पुढचा अल्बम त्यांनी वर नावच न छापता काढला.

मुंबईतला धागा

एक धागा आपल्या राज्यातही येतो. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी नव्याने करून पाहिली. त्यातलं एक 'फ्रेंड्स'. ही ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. जरूर ऐका, आणि मूळ 'फ्रेंड्स' लगेच पाठोपाठ लावा.

मूळ गाण्यात जोन्सने तंतुवाद्यांची बांधणी केली आहे आणि बॉनम काँगा वाजवतो. सगळं आधीच पूर्वेकडे झुकलेलं. मुंबईच्या आवृत्तीत तबला आला की गाण्याचं वजन बदलतं. मूळ गाण्यातला ठेका ढकलत नेतो, इथला तबला गाण्याला पायाखालची जागा देतो. मला ही आवृत्ती पूर्ण झालेली वाटत नाही; ती ओळखपाळख आहे. दोन्हीकडची माणसं एकमेकांची लय चाचपताहेत. पण आपल्या आजच्या मुद्द्यासाठी तेच तर सोनं आहे. चाचपणं ऐकू येतंय.

मग माझ्या टेपांचं काय?

आता हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगते. एका चर्चासत्रात मी दंडारीचं एक मुद्रण ऐकवलं. पेटीचा भाता फुसफुसतो, मध्ये कुणी तरी 'घे रे' म्हणतं, ढोलकी एका जागी उशिरा येते आणि टाळ तिच्यासाठी थांबतात. ऐकून झाल्यावर एक प्रश्न आला, अगदी सद्भावनेने: हे स्वच्छ का करत नाही? आजकाल सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठोका एका क्लिकवर रेषेवर आणता येतो. लोकांना ऐकायला बरं वाटेल, तरुण मुलंही ऐकतील.

प्रश्न फालतू नाही. आमच्या भागात आता लोकगीतं स्टुडिओत तयार होतात ती बहुतेक संगणकाच्या ठेक्यावर. मुलं त्यांवर नाचतात, आवडीने ऐकतात. मी कोण त्यांना सांगणारी की हे चूक आहे? गाणाऱ्याला हवं तर त्याने रेषेवर गावं.

पण माझं काम गाणं विकायचं नाही, माणसं एकत्र कशी राहतात हे ऐकायचं आहे. ढोलकी उशिरा आली आणि टाळ थांबले, हाच तर माझा विषय! तो ठोका रेषेवर आणला की वादकाची चूक जाते, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या वादकाने दाखवलेला समजूतदारपणाही जातो. पुसलं गेल्यावर असं दिसेल की तिथे कुणाला कुणासाठी थांबावंच लागलं नव्हतं.

म्हणून मी आता स्वतःसाठी एक साधा नियम केला आहे. मूळ मुद्रण जसंच्या तसं ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. लोकांना ऐकवण्यासाठी वेगळी प्रत करायची, आणि त्यात प्रत्येक खरखरीला एकच प्रश्न विचारायचा: यातून कोण कुणाचं ऐकतंय हे कळतं का? कळत असेल तर ती राहील. 'घे रे' राहील. भाता राहील, कारण गाणारा त्याच्या श्वासावर सुरू होतो. वरून गेलेल्या मोटारसायकलचा आवाज गेला तरी चालेल.

पेजनेही सगळं ठेवलं नव्हतं, हे विसरू नका. ज्या खुणा ठेवल्या त्या निवडून ठेवल्या. निवड न करता सगळं ठेवणं हाही एक ढिसाळपणाच.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर 'सॉनिक व्हिज्युअलायझर' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात गाणं टाका, ठोक्यांवर खुणा करा आणि अंतरं बघा. आधी 'गॅलोज पोल' घ्या, कारण चढण डोळ्यांना सहज दिसेल. मग आपल्या गावच्या भजनाचं मोबाइलवरचं एखादं मुद्रण घ्या. दोन्ही आलेख शेजारी ठेवलेत की मला पाठवा. आणि पाठवण्याआधी ते मुद्रण स्वच्छ करू नका, एवढंच सांगणं.